काचेतला झगा आणि फोटोतले लुगडे

सुरुवातीलाच एक कबुली देते. पंधरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्यावर लेख लिहिला होता. ‘अमेरिकेत आनंदीबाईंनी लुगडे हे स्वाभिमानाचे निशाण म्हणून अखेरपर्यंत मिरवले,’ असे एक वाक्य त्यात होते. वाचकांना ते आवडले. दोघातिघांनी तर ते पत्रात जसेच्या तसे उतरवून मला परत पाठवले. ते वाक्य आज मला मागे घ्यायचे आहे. निदान अर्धे तरी. ते का, हे सांगायचे तर न्यू जर्सीतल्या एका लहानशा संग्रहालयापासून सुरुवात करावी लागेल.

मी विद्यापीठातली अभ्यासक नव्हे. रत्नागिरीत टपाल खात्यात नोकरी केली आणि पाच वर्षांपूर्वी स्वेच्छानिवृत्ती घेतली. गोपाळराव जोशी हेही टपाल खात्यातले कारकून होते, एवढ्याच धाग्यावरून माझे कुतूहल जागे झाले. १८२८ सालापासून चालत आलेल्या आमच्या नगर वाचनालयात संध्याकाळी बसून जे हाती लागेल ते वाचत गेले. माझ्या लिखाणाला कोणा गुरूची शिस्त नाही, म्हणून चुका माझ्या मलाच शोधाव्या लागतात. ही त्यांतलीच एक.

प्रदर्शन

मुलीच्या बाळंतपणासाठी गेल्या वर्षी न्यू जर्सीला गेले होते. रोझेल हे गाव तिथून जवळ, हे कळल्यावर जावयांना म्हटले, एक दिवस मला तिकडे घेऊन चला. थिओडोशिया कार्पेंटर या बाईंचे घर रोझेलला होते. ४ जून १८८३ रोजी अठरा वर्षांच्या आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या, त्या याच बाईंच्या भरवशावर. त्यांना त्या मावशी म्हणत. रोझेलमध्ये मला त्या काळातले काही सापडले नाही. परतताना जावई म्हणाले, “आई, वाटेत इतिहास मंडळाचे एक जुने घर आहे, तिथे एकोणिसाव्या शतकातले कपडे मांडलेत, बघायचेत?” नाही म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

चार खोल्यांचे लाकडी घर. त्यात तीसेक पोशाख, बहुतेक बायकांचे. पहिल्या खोलीत १८५० ते १८६५ या काळातले घेरदार झगे. घेर उभा राहावा म्हणून आत पोलादी कड्यांचा पिंजरा असे, त्याला क्रिनोलिन म्हणत. १८५६ च्या सुमारास तो बाजारात आला. आधी एकावर एक सहा-सात परकर घालावे लागत, त्यापेक्षा हा पिंजरा हलका, म्हणून बायकांनी त्याचे स्वागतच केले म्हणे. त्याच साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या पोराला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला. पुढच्या खोलीतले झगे त्यामुळेच एकदम भडक होतात. तिसऱ्या खोलीत १८८० चे दशक होते. आता पुढचा भाग सपाट, आणि सगळा घेर मागे, कमरेखाली उशी किंवा जाळी बांधून उंच केलेला. या प्रकाराला बसल म्हणतात. कंबर इतकी बारीक, की माझे दोन्ही पंजे भोवती पुरले असते.

त्या तिसऱ्या खोलीत मी बराच वेळ थांबले. आनंदीबाईंच्या भोवती वावरणाऱ्या बायका नेमक्या याच कपड्यांत होत्या. मावशी, कॉलेजच्या प्राध्यापिका, बरोबरीच्या विद्यार्थिनी, सगळ्या. आजवर मी त्यांना फक्त नावांनी ओळखत होते.

एक तपकिरी रेशमी झगा उलटा करून मांडला होता, आतली बाजू दिसावी म्हणून. बाहेरून तो राणीचा वाटला असता. आतून मात्र शिवणाऱ्या बाईचे सगळे हिशेब उघडे पडले होते. लांब शिवणी यंत्रावर मारलेल्या आणि गळा व बाह्या हाताने. कमरेत एक पट्टी, तिच्यावर हूक. काखेत घामाचा डाग आणि त्यावर नंतर लावलेले ठिगळ. घेराच्या खालच्या कडेला आतून जाड लोकरी फीत होती. रस्त्यावर घासून ती झिजायची, मग तेवढीच उसवून नवी लावायची. आमच्याकडे साडीला फॉल लावतात, तोच विचार. त्या फितीपाशी मला पहिल्यांदा जाणवले, की कपडा हा आधी वापरायचा असतो. तो झिजतो, मळतो, भिजतो, कोणाला तरी धुवावा लागतो. आनंदीबाईंच्या लुगड्याबद्दल मी यातला एकही प्रश्न कधी विचारला नव्हता.

पाट्यांवर नसलेले

प्रदर्शन चांगले होते, पण त्याच्यावर टीका केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रत्येक पोशाखाखाली पाटी होती: साल, कापड, कोणत्या प्रसंगी घातला, कोणत्या घराण्याने दिला. लग्नाचा झगा, मेजवानीचा झगा, सुतकाचा काळा झगा. कामाचे कपडे म्हणाल तर छापील सुती कापडाची एक टोपडीवजा टोपी, शेतात उन्हासाठी घालायची, आणि एक एप्रन. बस्स.

तिथे स्वयंसेविका म्हणून बसलेल्या वृद्ध बाईंना मी जावयांकरवी विचारले, की बाकीचे कपडे कुठे गेले? त्या हसल्या आणि भिंतीवरच्या गोधडीकडे बोट दाखवले. रोजचे कपडे फाटेपर्यंत वापरायचे, मग मुलांना कापून शिवायचे, मग गोधडीत घालायचे आणि उरलेल्या चिंध्या विणून पायपुसणी करायची. जपून ठेवायचे ते एकदोनदाच अंगावर चढलेले. म्हणजे संग्रहालयात आपण ‘त्या काळचे कपडे’ म्हणून जे पाहतो, ते त्या काळी सर्वांत कमी वापरले गेलेले कपडे असतात. ही गोष्ट कोणत्याही पाटीवर लिहिलेली नव्हती.

दुसरी उणीव अधिक मोठी. शिवले कोणी, हे कुठेच नव्हते. त्या काळातली एक शिवणारी जगाला ठाऊक आहे, एलिझाबेथ केकली. ती गुलाम म्हणून जन्मली. १८५५ मध्ये बाराशे डॉलर भरून तिने स्वतःचे आणि मुलाचे स्वातंत्र्य विकत घेतले, आणि पुढे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या पत्नीचे झगे शिवले. १८६८ मध्ये तिने आपली हकीकत पुस्तकरूपाने छापली. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मिसेस लिंकन यांचा एक जांभळा मखमली पोशाख आहे, तो केकलीच्या हातचा समजला जातो. बाकी हजारो शिवणाऱ्यांचे नाव राहिले नाही.

आणि कापूस? गृहयुद्धापूर्वी इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जात होता आणि तो गुलाम वेचत होते. त्या गुलामांच्या अंगावर घालायला ऱ्होड आयलंडच्या गिरण्या एक वेगळे जाडेभरडे कापड विणत. त्याचा तुकडा या घरात नव्हता. पहिल्या खोलीतल्या घेरदार सुती झग्यांजवळ तो असता, तर त्या खोलीचा अर्थ बदलला असता.

मी कोकणातली, मला या कापसाची चौकशी का, असे जावयांना वाटले असावे. कारण घरातलेच आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतून कापूस निघेनासा झाला, तेव्हा इंग्लंडने हिंदुस्थानच्या कापसाकडे हात पसरले. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८६५ मध्ये युद्ध संपताच शेअरांचा फुगा फुटला आणि भलेभले बुडाले. पण गिरण्यांचे युग सुरू झाले होते. कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली होती, तिच्या मागून इतर आल्या, आणि त्यांत राबायला रत्नागिरी जिल्ह्यातून बोटी भरभरून माणसे गेली. माझे वडील त्या रांगेतले शेवटचे. परळला साच्यावर उभे राहत. १९८२ च्या संपानंतर ते लांज्याजवळच्या गावी परतले, ते कायमचेच. आईची सगळी लुगडी गिरणीच्या दुकानातली.

तीन बायकांचा फोटो

आता मूळ विषयाकडे येते. आनंदीबाईंचा सर्वांत प्रसिद्ध फोटो १० ऑक्टोबर १८८५ चा आहे. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांच्याकडच्या स्वागत-समारंभाच्या वेळचा. डावीकडे आनंदीबाई, काठापदराचे लुगडे आणि दागिने घालून. मध्ये जपानच्या केई ओकामी, किमोनोत. उजवीकडे सीरियाच्या सबात इस्लामबूली, दमास्कसच्या पोशाखात. तिघीही पुढे आपापल्या देशातल्या पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या पहिल्या-पहिल्या स्त्रियांत गणल्या गेल्या.

हा फोटो आपण दोन रीतींनी वाचतो. एक, तीन देशांच्या मुली एका वर्गात शिकल्या, हे केवढे आश्चर्य! दुसरी, परक्या देशातही त्यांनी आपला वेश सोडला नाही, हा केवढा बाणा! दुसरी रीत माझ्या त्या वाक्याची. मराठीत ती फार जुनी आहे आणि तिला कारणही आहे. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी इंग्रजीत जाहीर भाषण केले. मी अमेरिकेला का जाते, धर्म बुडेल का, समाज वाळीत टाकेल का, असे एकेक प्रश्न घेऊन उत्तरे दिली, आणि हिंदू म्हणून जाईन व हिंदू म्हणूनच परत येईन, असे आश्वासन दिले. रस्त्याने जाताना वाट्याला येणारी टवाळीही त्याच भाषणात त्यांनी सांगितली. त्या वचनाची सगळ्यांना दिसणारी खूण म्हणजे अंगावरचे लुगडे. म्हणजे निशाण हा शब्द मी हवेतून काढला नव्हता.

पण संग्रहालयातून परतल्यावर त्याच रात्री तो फोटो पुन्हा काढून पाहिला, आणि वेगळाच प्रश्न पडला: हा वेश कोणाला दाखवण्यासाठी होता? स्वागत-समारंभ म्हणजे कॉलेजचे पाहुणे, देणगीदार, मिशनशी संबंध असलेली मंडळी. दूरदेशीच्या तीन विद्यार्थिनी आपापल्या ‘देशी’ पोशाखात एकत्र उभ्या राहणे, हे कॉलेजलाही हवेच असणार. यात कपट होते असे मी म्हणत नाही. डीन बॉडली यांनी या मुलींना मायेने वागवले, आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर पंडिता रमाबाईंच्या इंग्रजी पुस्तकाला प्रस्तावनाही लिहिली. पण त्या क्षणी लुगडे दोन ठिकाणी मांडले गेले. पुण्या-मुंबईत ते निष्ठेचा पुरावा म्हणून पाहिले गेले, फिलाडेल्फियात अपूर्वाई म्हणून. दोन्हीकडचे बघे त्याच्याकडे काचेतल्या वस्तूसारखे पाहत होते. लुगड्याच्या आत एक वीस वर्षांची मुलगी आहे, ऑक्टोबर आहे, आणि पुढे डिसेंबर-जानेवारी यायचे आहेत, हे पाहायला कोणी थांबले नाही. मीही नाही.

आपल्या लेखकांनी तरी ते पाहिले का? कॅरोलिन डॉल यांचे इंग्रजी चरित्र १८८८ चे, काशीबाई कानिटकरांचे मराठी चरित्र १८८९ चे. माझ्या मते काशीबाईंचे मोल आजही कमी झालेले नाही, कारण त्यांनी पत्रांना बोलू दिले, आणि पत्रांतून खाणे, थंडी, आजारपण असली घरगुती बाब आत आली. समकालीन बाईने समकालीन बाईचे चरित्र लिहिल्याचा तो फायदा. पुढे १९६८ मध्ये श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी आली आणि मराठी मनातल्या आनंदीबाई तिने घडवल्या. तिचे सामर्थ्य मी मान्य करते. मात्र तिच्यात गोपाळरावांचा विक्षिप्तपणा एवढा भरून राहतो, की आनंदीबाईंचे शरीर सोसण्यापुरतेच उरते. २०१९ च्या चित्रपटात लुगडे सुंदर दिसते. ते ओले होईल, गारठेल, वाळायला दोन दिवस घेईल, असे मात्र ते पाहताना मला एकदाही वाटले नाही. अंजली कीर्तने यांनी अमेरिकेपर्यंत जाऊन केलेल्या शोधामुळे आणि मीरा कोसंबी यांच्या लेखनामुळे पत्रांकडे पुन्हा लक्ष गेले, हे ऋण मोठे आहे. माझ्या त्या वाक्याने मात्र काशीबाईंच्याही मागे जाऊन वचनच तेवढे पाहिले.

नऊ वार

लुगडे म्हणजे नऊ वार, सव्वाआठ मीटर कापड. आत परकर नाही. निऱ्या पुढे खोचायच्या, मधला भाग दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा घालायचा. त्यामुळे पाय मोकळे राहतात, चालता येते, वाकता येते, चढता येते. आमच्या आईला भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात उभे राहायचे असे. तेव्हा ती लुगडे वर खोचून घ्यायची, आणि घरी येताच खाली सोडायची. एकाच वस्त्रात शेत आणि माजघर दोन्ही भागवणारी ही युक्ती आहे. पोटऱ्या उघड्या राहतात, हा आमच्या हवेत त्याचा गुण.

हाच गुण फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात दोष झाला. आनंदीबाईंची राहण्याची खोली नीट तापत नसे. शेगडी पेटवावी तर धूर, न पेटवावी तर गारठा. अशा वेळी त्यांनी काय केले? त्यांनी वेश सोडला नाही, नेसण्याची रीत बदलली. नऊवारीऐवजी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. त्यात आत परकर येतो, पाय घोट्यापर्यंत झाकले जातात, खाली लोकरीचे काही घालता येते. गोपाळरावांबरोबरच्या पत्रव्यवहारातही पोशाखाचा हा विषय येतो. हजारो मैलांवरच्या नवऱ्याच्या मर्जीशी आणि स्वतःच्या पायांना लागणाऱ्या थंडीशी एकाच वेळी तडजोड करणारी ही मुलगी मला त्या निशाणवाल्या मुलीपेक्षा कितीतरी खरी वाटते. तिने वचन पाळले, पण विचार करून, कापडाला हात घालून पाळले. वैद्यक शिकणाऱ्या बाईने स्वतःवर केलेला तो एक उपाय होता.

माझे वाक्य अर्धे मागे घ्यायचे ते इथे. ‘अखेरपर्यंत मिरवले’ यात बदल करण्याची तिची बुद्धी मी पुसून टाकली होती. निशाण बदलत नाही, फडकत राहते. वस्त्र मात्र अंगाला जुळवून घ्यावे लागते.

इथे उलट टोकाला जाण्याचाही मोह होतो, तोही टाळला पाहिजे. लुगड्यापायी थंडी बाधली आणि आनंदीबाई गेल्या, असे कोणी म्हणेल तर ते चूक. त्यांची प्रकृती जाण्यापूर्वीपासून नाजूक होती, आणि मृत्यू क्षयाने झाला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवून दिला होता, पण औषध यायला अजून साठ वर्षे होती. लोकरीचे थर घातलेल्या अमेरिकन बायकाही क्षयाने मरतच होत्या.

शिवाय त्या तिसऱ्या खोलीतले झगे तरी कुठे सोयीचे होते? ज्या देशात आनंदीबाईंनी लुगडे राखले, त्या देशातल्या शहाण्या बायका आपल्याच पोशाखावर चिडलेल्या होत्या. १८५१ मध्ये अमेलिया ब्लूमर हिने आखूड घागरा आणि आत सैल तुमान असा पोशाख उचलून धरला. लोक त्याला तुर्की म्हणून हिणवत, आणि इतकी टर उडवली की काही वर्षांत बहुतेकींनी तो सोडला. १८७३ मध्ये एलिझाबेथ स्टुअर्ट फेल्प्स या लेखिकेने कॉर्सेट जाळून टाका, असे पुस्तकातून बायकांना सांगितले. बरगड्या दाबणारे कॉर्सेट, रस्ता झाडणारा घेर, मागे बांधलेली उशी, हे सगळे आरोग्याला वाईट, हा तिथल्या सुधारक बायकांचा मुद्दा होता. त्या मापाने पाहिले तर वर्गातल्या विद्यार्थिनींत मोकळा श्वास घेणारी मुलगी लुगड्यातली होती. तिचे पाय गारठत होते आणि बाकीच्यांच्या बरगड्या आवळलेल्या होत्या. दोन्हीकडे बाईच्या अंगावरचा कपडा हा दुसऱ्यांच्या वादाचा विषय होता. हे सादृश्य आपल्या आनंदीबाई-साहित्यात कुठे मांडले गेलेले मला आठवत नाही. लुगडे विरुद्ध झगा, पूर्व विरुद्ध पश्चिम, एवढ्यातच आपण अडकलो.

एप्रिल १८८६

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई होत्या. पुढच्याच महिन्यात, एप्रिल १८८६ मध्ये, ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याला इंग्रजांनी आमच्या रत्नागिरीत आणून ठेवले. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. पण कपड्यांचा विचार करताना त्या मला शेजारी ठेवाव्याशा वाटतात. एक मुलगी आपल्या इच्छेने परदेशी जाऊन स्वतःचा वेश सांभाळत होती, आणि एका राजाचा सगळा थाट उतरवून त्याला परदेशी पाठवले होते. मंडालेच्या राजवाड्यातली राजचिन्हे लंडनच्या संग्रहालयात गेली. ती १९६४ मध्ये ब्रह्मदेशाला परत मिळाली. थिबा राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, राजा वारला १९१६ मध्ये, कुटुंब परतले १९१९ मध्ये. थोरल्या राजकन्येची मुलगी टूटू मात्र इथेच राहिली, मराठी बोलली, साडी नेसली, गोवऱ्या थापल्या, कागदाची फुले केली. २००० साली ती गेली. तिला पाहिलेली माणसे गावात अजून आहेत. आजोबांची राजचिन्हे काचेत आणि नातीची साडी कुठेच नाही, हा क्रम न्यू जर्सीच्या त्या घरातल्यासारखाच आहे.

थिबा राजवाड्यात मी आजवर कितीदा गेले असेन. पर्यटक राजाचे फोटो पाहतात, खिडकीतून भाट्ये खाडी पाहतात आणि निघतात. कोकणातल्या बायका काय नेसत होत्या, गिरणीचे कापड आल्यावर हातमाग कसे बसले, मुंबईहून मनिऑर्डरीबरोबर कोणते लुगडे येई, हे सांगणारी एक खोली आपल्या जिल्ह्यात असावी, असे मला परतल्यापासून वाटते. मनिऑर्डरी मी खिडकीवर बसून हाताळल्या आहेत. पैशांच्या कुपनावर मजकुराला चार ओळींची जागा असे, आणि तीत पुष्कळदा ‘लुगडे घे’ एवढेच लिहिलेले असे.

वाकळ

मायदेशी आल्यावर आठवडाभरात मी गावच्या घरी गेले. आईला जाऊन नऊ वर्षे झाली. तिचे एकही लुगडे आता लुगडे म्हणून शिल्लक नाही. लग्नातला शालू मात्र आहे, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्यांत. आयुष्यात चारदा नेसली असेल ती तो. बाकीची सगळी वाकळेत आहेत. पडवीत दोरीवर टाकलेली ती जाड वाकळ मी खाली काढली आणि उन्हात पसरली. वरचे कापड हिरवे, त्याखाली एक लाल काठ डोकावतो, एका कोपऱ्यात निळे चौकडे. धावदोरा आईचा. तिला चष्मा लागल्यानंतरचे टाके मोठे आहेत, आधीचे बारीक.

आमच्या वाचनालयाने यंदा जुन्या वस्तूंचे छोटे प्रदर्शन मांडायचे ठरवले आहे. मी शालू देणार नाही, वाकळ देणार आहे. पाटी मीच लिहिली. न्यू जर्सीतल्या पाट्यांवर ज्या गोष्टी मला सापडल्या नव्हत्या, त्या सगळ्या तिच्यात येतील असे पाहिले आहे:

‘वाकळ. सुती नऊवारी लुगडी, किमान पाच. कापड मुंबईच्या गिरणीतले, विणणाऱ्यांत नेसणारीचा नवरा होता. वापर: लावणी, झोडणी, सरपण, घरकाम. धुण्याची जागा: घरामागचा वहाळ. शिवणारी आणि नेसणारी एकच. काळ: साधारण १९६५ ते १९९५. काखेजवळचे ठिगळ मूळ लुगड्याचे आहे, काढलेले नाही.’

आनंदीबाईंवरचा जुना लेख संग्रहात घ्यायचा ठरला, तर त्या वाक्याच्या जागी आता एवढेच लिहीन: अमेरिकेत त्यांनी आपले वस्त्र सोडले नाही, थंडी पडली तेव्हा ते वेगळ्या रीतीने नेसले.